मित्रास पत्र: मंडळीचा गाडीतून ट्रेझर हंट

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या ट्रेझर हंटचं (गाडीने फिरत कोडी सोडवायच्या खेळाचं) काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. क्लू, म्हणजे ठिकाणं ओळखायची कोडी, कसे लिहायचे असं तू विचारलंयस, पण त्याआधी गुणांचं ठरव. 'पहिली परतणारी गाडी जिंकली' असं जाहीर केलंस की शर्यत सुरू झालीच म्हणून समज. लवकर येण्याला एकही गुण ठेवू नकोस. आणि उशिराबद्दल दर मिनिटाला गुण कापू नकोस, कारण तसं केलं की परतीच्या शेवटच्या दोन किलोमीटरात ड्रायव्हर गाडी पळवतोच. ठरल्या वेळेनंतर आलात तर सरसकट दहा गुण कमी, मग उशीर एका मिनिटाचा असो वा वीस. वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी चर्चमध्ये बसलेल्या माणसाने प्रत्येक टीमला फोन करून 'आता परत फिरा' म्हणून सांगायचं. फोन ड्रायव्हरला नाही, शेजारी बसलेल्याला. बरोबरी झाली तरी वेळ बघू नकोस. चर्चच्या गायनपुस्तकात गीतं किती, असा अंदाजाचा प्रश्न आधीच पाकिटात बंद करून ठेव.

निघताना आणि परतल्यावर प्रत्येक गाडीचं किलोमीटरचं रीडिंग लिहून घे. सगळ्यात जवळच्या मार्गाचं अंतर काढ, त्यात चौथाई भर घाल, आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरला दोन गुण काप. मग टीम वणवण फिरण्याऐवजी गाडी थांबवून विचार करते.

दीड तास पुरे. आठ ठिकाणं धर. दोन ठिकाणांमध्ये सहा मिनिटांचा रस्ता (चर्चमधून जाणं-येणं धरून नऊ वेळा) आणि प्रत्येक ठिकाणी चार मिनिटं, म्हणजे शहाऐंशी मिनिटं झाली, चार हाताशी राहिली. हिशेब बहुधा पार्किंगमुळे चुकतो. जिथे गाडी बाजूला लावता येत नाही ते ठिकाण कितीही सुंदर असो, गाळून टाक. मार्ग आठवडाभर आधी त्याच वारी, त्याच वेळी स्वतः गाडीने फिरून बघ. सकाळी उघडं असलेलं फाटक संध्याकाळी बंद असू शकतं, आणि एकेरी रस्ता नकाशावर पटकन कळत नाही.

सगळ्या गाड्या एकाच क्रमाने पाठवल्यास तर मागची टीम पुढचीच्या मागे मागे जाईल, क्लू कोण सोडवणार? सहा टीम असतील तर पहिलीला पहिल्या ठिकाणापासून, दुसरीला दुसऱ्यापासून अशी सुरुवात दे. याचा अर्थ एका क्लूच्या उत्तरातून पुढचा क्लू निघता कामा नये. आठ ठिकाणं, सहा टीम, म्हणजे अठ्ठेचाळीस पाकिटं. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक टीमचा रंग वेगळा ठेव आणि भरलेली पाकिटं दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. शिवाय प्रत्येक गाडीत एक बंद 'अडलात तर उघडा' पाकीट दे. त्यात सगळ्या ठिकाणांचे पत्ते असतील. उघडलं की पंधरा गुण गेले, पण वाट चुकून कुणी रडकुंडीला येत नाही.

आता क्लू. हे बघ:

ठेंगू जक्कय झाडावर चढला, प्रभूला पाहायचं म्हणून;
तसंच झाड बागेच्या दारी, बाकं किती? या मोजून.

पहिली ओळ बायबलमधल्या जक्कयाची, ती ठीक, पण प्रश्न कच्चा आहे. बाकं तुटतात, हलवली जातात, आणि अर्धवट तुटलेलं बाक मोजायचं की नाही यावर अर्धा तास वाद होतो. त्याऐवजी दारापाशी कोनशिला असेल तर तिच्यावरचं साल विचार. ते कुणी हलवत नाही. शिवाय ते साल इंटरनेटवर सापडत नाही ना, हेही बघून ठेव. उत्तर फुटपाथवर उभं राहून वाचता आलं पाहिजे. चालत्या गाडीतून खांब किंवा पाट्या मोजायला अजिबात लावू नकोस, त्याने ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून हटते.

बायबलमधले आकडे क्लूसाठी फार छान आहेत. नोहाच्या तारवाची (जहाजाची) लांबी 300 हात, रुंदी 50. भागलं की 6, मग सहा नंबरच्या फाटकाकडे पाठव. योहान 21:11 मधले 153 मासे आहेत. इस्राएल लोकांनी यरीहो शहराभोवती घातलेल्या फेऱ्या तर मला सर्वांत आवडतात: सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात, एकूण 13. घाईत बरेच जण 7 लिहून मोकळे होतात. पण 'तारवात प्रत्येक जातीचे प्राणी किती?' हे टाळ. उत्पत्ती 6:19 मध्ये दोन-दोन आहेत, तर 7:2 मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या. 'बायबलची पुस्तकं किती?' हेही नको. कॅथलिक पाहुणे 73 म्हणतील, आपली प्रोटेस्टंट मंडळी 66, आणि दोघंही बरोबर. कोणतं भाषांतर धरायचं ते नियमांच्या कागदावर आधीच लिही.

फोटोचे चार क्लू पुरेत. प्रत्येक फोटोत टीमच्या रंगाची रिबन दिसलीच पाहिजे, नाहीतर कुणीतरी फोनमधला जुना फोटो दाखवतं. दुकानातून वस्तू मागून आणणं, अनोळखी घराची बेल वाजवणं असलं काही ठेवू नकोस. मंडळीचं नाव घेऊन आपण लोकांना त्रास द्यायचा नाही.

टीम चिठ्ठ्या टाकून पाड, पण गट करून: एक चिठ्ठी ज्येष्ठांच्या डब्यातून, एक तरुणांच्या, एक संडे स्कूलच्या, एक नव्याने येणाऱ्यांच्या. वचनं ज्येष्ठांना पाठ असतात, पाटी आधी मुलांना दिसते, त्यामुळे सगळ्यांना एकमेकांची गरज पडते. हा खेळ मला एवढा प्रिय आहे तो यासाठीच. चालक मात्र चिठ्ठीने ठरवू नकोस. परवाना आणि गाडीचा विमा बघून निवड, आणि त्याला क्लू वाचायची मनाई कर. जितके सीटबेल्ट तितकीच माणसं. लहान मुलांच्या पालकांची लेखी परवानगी घे, आणि मुलं असलेल्या गाडीत एकाच घरातले नसलेले दोन मोठे बसव.

क्लूचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव. उत्तरं वेगळ्या कागदावर लिही, म्हणजे मी आधी न बघता सोडवून पाहीन आणि कुठे दोन उत्तरं निघतात ते कळवीन.

तुझाच,
मित्र