माझी स्क्रीन दिसतेय का?

संपादक साहेब, नमस्कार,

मिहानमधल्या आयटी कंपन्यांतल्या पोरांपासून ते आमच्या सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळंच आता व्हिडिओ कॉलवर आलंय, पण स्क्रीन शेअर करणारा फाइल शोधायला लागला की बोलणं अर्ध्यावर थांबतं, बाकीच्यांना वाटतं झालं याचं, मग दोघं-तिघं एकदमच सुरू, पुन्हा सगळे गप्प, "नाही नाही, तुम्ही बोला". 2009 साली दहा भाषांवर एक अभ्यास झाला होता, समोरासमोर बोलताना प्रश्न संपून उत्तर यायला सरासरी साधारण 0.2 सेकंद लागतात, आता नेटच कधी त्याहून जास्त उशीर करतं तर गोंधळ होणारच ना बाप्पा!

आमच्या सेक्रेटरी काकू मात्र हातासोबत तोंडही चालू ठेवतात. "थांबा हं, पाणीपट्टीची शीट उघडतेय... गोल फिरतंय अजून... हां आली, दिसली का?" मग कोणी मधे बोलत नाही. मोठे साहेब लोक चुपचाप माऊस फिरवत बसतात अन् बाकीचे आपलंच नेट गेलं समजून हॅलो हॅलो करत राहतात. कॉलेजात पीपीटी शिकवता तसं हेही शिकवा की राजेहो.

एक वाचक, प्रतापनगर, नागपूर