रंग उडालेलं तिकीट घेऊ नकोस

नाशिकरोड

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो निवांत मोठा करून पाहिला. स्पष्टच सांगतो, त्या टपाल तिकिटाला चार हजार देऊ नकोस. छपाईत एक रंग राहून गेला म्हणून ते दुर्मिळ, असं विकणारा म्हणतो. गेलाही असेल. पण ऊन दाखवून नाहीतर रसायन लावून रंग उडवलेली तिकिटं बाजारात पैशाला पासरी आहेत. त्याला एवढंच विचार, शेजारच्या नेहमीच्या तिकिटाला जोडलेलं आहे का? तज्ज्ञ समितीचा दाखला आहे का? तो विषय बदलेल बघ. काठाला फाडायची छिद्रं नसलेल्या, बिनछिद्रांच्या तिकिटांचंही तेच. रुंद काठाचं तिकीट घ्यायचं, चारी बाजूंनी कात्री फिरवायची, झालं दुर्मिळ! म्हणून ती कायम एकमेकांना जोडलेल्या जोडीतच घ्यावीत.

तुझ्या डोक्यात अमेरिकेचं ते उलट्या विमानाचं १९१८ चं तिकीट बसलंय, हे मला ठाऊक आहे. अरे, आपल्याकडे त्याच्या ६४ वर्षं आधी राणी व्हिक्टोरियाने शीर्षासन केलंय! १८५४ चं चार आण्यांचं तिकीट कलकत्त्यात सरकारी भूमापन खात्याच्या (सर्व्हेच्या) कार्यालयात कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली शिळेवरून छापलं. लाल चौकट आणि राणीचं निळं डोकं वेगवेगळं छापायचं, म्हणजे एकच कागद दोन वेळा यंत्रावर. काही कागद उलटे लागले. आज ती तिकिटं जगात मोजकीच उरलीत. ती लिलाववाल्यांनी सांभाळावीत, आपण आपलं बघू.

आपलं म्हणजे इथल्या, तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसचं. १९४९ चं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट तुझ्याकडे नक्की असणार. त्यात मूर्ती आरशात पाहावी तशी उलटी छापली गेली. १९५० मध्ये सुलटी करून पुन्हा काढली. दोन्ही शेजारी लाव. मौल्यवान वगैरे काही नाही, पण नजर तयार होते. १९२९ च्या विमानटपालाच्या मालिकेत एका तिकिटावर झाडाचा शेंडाच नाही. प्लेटमधला दोष प्रत्येक शीटवर त्याच जागी येतो, म्हणून त्याला व्हरायटी म्हणायचं. एखाद्याच शीटवर शाईचा थेंब पडला तर तो नुसता डाग. विकणारे त्यालाही ‘एरर’ म्हणतात, ते सोड.

आणि भारताच्या नकाशाच्या तिकिटांची मालिका! १९५७ ची, नये पैसे आले तेव्हाची. हिरवं पाच नये पैशांचं तिकीट किलोवारी गठ्ठ्यात हमखास निघतं. पाण्यात भिजवून कागदापासून सुटलं की काळ्या बशीत पालथं ठेव. ओलं असतानाच आतलं जलचिन्ह, म्हणजे कागदातच असलेली खूण, उमटतं: आधीच्या छपाईत तारे, १९५८ पासून अशोकस्तंभाचे सिंह. वाळलं की सगळं गडप, तेव्हा डोळे तिथेच ठेव. मधूनच एखाद्यात जलचिन्ह उलटं निघतं. त्यासाठी नेहमीचं सुलटं कसं दिसतं ते आधी डोळ्यांत बसलेलं हवं. तू नेमकं तेच टाळतोस, लेका. थेट दुर्मिळाकडे धावतोस.

दिवाळीत येशील तेव्हा काकांचा तो बुटांच्या खोक्यातला गठ्ठा घेऊन ये. धुऊ नकोस, पाकिटांवरून काही सोडवूही नकोस. शिक्क्यांच्या तारखा मला पाहायच्यात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत