बांडगूळ म्हणून आमरी तोडू नका

महोदय,

गेल्या महिन्यात आंबोली घाटात रस्त्याकडेच्या आंब्याची जाड फांदी कापून टाकलेली दिसली. तिच्यावर सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, होती. वीतभर गुलाबी-पांढरा तुरा अजून ताजा, मुळं सालीला घट्ट धरून. तोडणारा म्हणाला, “बांडगूळ आहे, झाड खातं.” आमरी झाड खात नाही हो! ती फक्त आधार घेते. पाणी पावसाचं, धुक्याचं.

च्यवनप्राशातल्या अष्टवर्गापैकी, म्हणजे आठ औषधी वनस्पतींच्या गटापैकी, जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी या चारही हिमालयातल्या आमरीच. काही प्रांतांत वांदा आमरीची मुळं रास्ना म्हणून सांधेदुखीवर देतात. सह्याद्रीतल्या आमरींचे गुण नीट तपासायच्या आधीच आपण त्या कचऱ्यात टाकतोय, याचं फार वाईट वाटतं. त्यांचं बी धुळीसारखं बारीक, पोटात अन्नसाठा नाही. रानात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. गेलेली आमरी सहजासहजी परत येत नाही.

फांद्या छाटण्याआधी आमरी सोडवून शेजारच्या झाडाला बांधायची अट कंत्राटातच घाला. मी त्या फांदीवरच्या दोन आमरी काथ्याने परसातल्या फणसाला बांधल्या. एकीला हिरव्या टोकाचं नवं मूळ फुटलंय.

– एक निवृत्त शिक्षिका, सावंतवाडी