कंपनीचे वार्तापत्र पाळीतल्या कामगारालाही वाचता यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मी बरीच वर्षे पाळीत काम करीत आहे. आमच्या कंपनीचे ई-मेल वार्तापत्र दरमहा येते. त्यामागे मेहनत असते यात शंका नाही, पण यंत्रावर उभे राहणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते उघडतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात चौपदरीकरणासाठी चिपळूण आणि लोटे यांच्यामधला परशुराम घाट महिनाभर दुपारी १२ ते ५ या वेळेत बंद होता. चिपळूणहून दुपारपाळीची बस त्या काळात लवकर सुटेल, ही सूचना वार्तापत्रात होती. मात्र ती संचालकांचे मनोगत, पाहुण्यांच्या भेटीची छायाचित्रे आणि वाढदिवसांची यादी यांच्याही खाली, तीही इंग्रजीत. पहिल्याच दिवशी कित्येकांची बस चुकली आणि सकाळपाळीच्या लोकांना तसेच पुढे थांबावे लागले. रसायने हाताळणारा माणूस थकलेल्या अंगाने दुसरी पाळी करतो, तेव्हा तो प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

कामगार वाचतच नाहीत, हे म्हणणे मला मान्य नाही. चिपळूणमधल्या २२ जुलै २०२१ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर टाइम ऑफिसने मराठीत पाच ओळींचा संदेश पाठवला होता: बस कुठून सुटेल, उचल कोणाकडे मागायची, हजेरीचे काय. तो प्रत्येकाने वाचला, घरच्यांनाही वाचून दाखवला.

म्हणून वार्तापत्राच्या विषयाच्या ओळीत महिन्याच्या नावाऐवजी त्या अंकातली सर्वांत निकडीची बाब लिहावी, आणि कोणी, कधीपर्यंत, काय करायचे हे पहिल्या चार ओळींत यावे. मजकूर चित्रात घालू नये, कारण मोबाइलवर ती अक्षरे वाचवत नाहीत. शिवाय १०२ किलोबाइटच्या पुढचा मजकूर जीमेल कापून टाकते, म्हणजे तळाची सूचना दिसतही नाही. भाषेविषयी तर वाद नसावा: कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ ने कायद्यानुसार लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत देण्याचे बंधन घातले होते. फलकाला जो न्याय, तो ई-मेललाही लागू व्हावा. कोणत्या विभागात अपघात होता होता टळला आणि त्यानंतर काय बदलले, हे दर अंकात आले तर मी स्वतः ते सर्वांत आधी वाचेन.

कंत्राटी कामगारांना कंपनीचा ई-मेल पत्ताच नसतो. त्यांच्यासाठी अंकाचे एक पान छापून उपाहारगृहात आणि गेटवर लावावे.

कोकणातील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढचा अंक पाठवण्यापूर्वी तो रात्रपाळीवरून उतरलेल्या एखाद्या ऑपरेटरच्या मोबाइलवर उघडावा आणि त्यातून त्याला काय समजले, ते त्यालाच विचारावे.

आपला,
एक कामगार, चिपळूण