घरट्यावर जाऊन काढलेले फोटो छापू नयेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण शृंगी घुबडाच्या पिल्लाचे अर्धे पान व्यापणारे छायाचित्र छापले. दगडाच्या कपारीत उभे पिल्लू, दोन्ही पंख ताणून उघडलेले, नारिंगी डोळे वाचकावर रोखलेले. वर मथळा होता, 'रुबाब!' छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याने घुबडांची पिल्ले रानात पाहिली आहेत त्याला त्यात रुबाब दिसणार नाही, भीती दिसेल. उडता येत नाही आणि पळायला जागा नाही, अशा वेळी घुबडाचे पिल्लू अंग फुगवते, पंख उलगडून स्वतःला दुप्पट मोठे करून दाखवते आणि चोचीने कटकट आवाज काढते. कुत्रे किंवा मुंगूस अंगावर आले की ते हेच करते. या वेळी समोर कॅमेरा घेतलेला माणूस होता आणि तो फार जवळ होता.

मी पुरंदर तालुक्यात राहतो, माळावर पक्षी बघत हिंडतो आणि फोटोही काढतो. त्यामुळे हे पत्र छायाचित्रकारांच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये. गरुड किंवा ससाणा डोळ्यातली चमक दिसेल इतक्या जवळून टिपावा, ही ओढ मला चांगली ठाऊक आहे. प्रश्न एवढाच आहे की ते अंतर कोण कमी करतो, आपण की पक्षी.

शृंगी घुबड घरटे बांधत नाही. दगडाच्या खाणीतली कपार, ओढ्याची उभी दरड, मुरमाची घळ अशा जागी मादी सरळ जमिनीवर अंडी घालते. आमच्या भागात साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हा हंगाम चालतो. अंडी बहुधा तीन ते चार. सुमारे 33 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, तीही एकदम नाही, एकामागून एक. म्हणून एकाच कपारीत लहानमोठी पिल्ले दिसतात. उडता येण्याच्या कितीतरी आधी ती चालत कपारीबाहेर येऊ लागतात आणि पुढेही अनेक महिने आईबापांवर अवलंबून असतात. जोडी पुष्कळदा वर्षानुवर्षे तीच जागा वापरते. म्हणजे एकदा जागेची माहिती बाहेर फुटली की ती पुढच्या सगळ्या हंगामांसाठी फुटली.

आता अशा कपारीसमोर दिवसाउजेडी चार-पाच जण उभे राहिले की काय होते ते सांगतो, कारण मी ते पाहिले आहे. मोठा पक्षी उठतो. माणूस हटला नाही तर तो डोक्यावरून नागमोडी चकरा मारतो, आणि कॅमेरे धडाधड चालू होतात. याच चित्रांना पुढे 'फ्लाइट शॉट' म्हणून वाहवा मिळते. तोवर कावळ्यांना खबर लागलेली असते. उजेडात उघड्यावर आलेल्या घुबडामागे कावळे आणि कोतवाल पक्षी हात धुऊन लागतात. घुबड दूरच्या बाभळीत जाऊन बसते, आणि इकडे अंडी किंवा नुकती बाहेर आलेली पिल्ले उन्हात उघडी पडतात. फोटो काढणारे अर्ध्या तासात समाधानाने निघून जातात. नंतरचे पाहायला तिथे कोणी नसते. आणि हा पक्षी शेताच्या बांधाबांधावर उंदीर-घुशी मारणारा आहे, त्याच्या एका जोडीचा हंगाम वाया गेला तर नुकसान शेतकऱ्याचेही होते.

कायद्याचे म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे समाविष्ट आहे. तिथे बंदूक हवीच असे नाही. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने सोनेरी गरुड, बहिरी ससाणा, गव्हाणी घुबड अशा पक्ष्यांना घरट्यावर त्रास होईल असे काही करायचे तर आधी परवाना लागतो, आणि छायाचित्रणही त्यातून सुटलेले नाही.

घरट्यावर जाऊन फोटो काढण्याची रीत जुनी आहे हे खरे. त्या काळी तिला कारणही होते. भिंगे आखूड होती, फिल्म मंद होती, म्हणजे तिला भरपूर उजेड लागे. पक्षी चौकटभर यायचा तर तो जिथे हमखास परत येतो तिथेच, म्हणजे घरट्यापाशी, लपण (आत लपून बसायची खोपटी) उभारून बसावे लागे. तेव्हाचे चांगले छायाचित्रकार ती लपणसुद्धा एकदम घरट्याला नेऊन भिडवत नसत. दूर उभारायची, पक्षी सरावला की थोडी पुढे सरकवायची, असे कित्येक दिवस चाले. त्यातही धोका होताच. एरिक हॉस्किंग हे इंग्रज पक्षीछायाचित्रकार 1937 साली वेल्समध्ये टॉनी आउल या घुबडाचे घरट्यावरचे फोटो काढत होते. त्या घुबडाच्या हल्ल्यात त्यांचा डावा डोळा गेला.

आज ते कारण उरलेले नाही. हिशेब करून पाहा. शृंगी घुबड सुमारे पावणेदोन फुटांचे. 600 मिलिमीटरच्या, म्हणजे लांबचे जवळ दाखवणाऱ्या लेन्सने ते चाळीस मीटरवरून टिपले तर चौकटीच्या उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापते. कॅमेरा 45 मेगापिक्सेलचा असेल तर भोवतालचे कापून एकटे घुबड आपल्या पानावर आठ इंच उंच छापता येईल, आणि वाचकाला पिसन् पीस दिसेल. अशी लेन्स सगळ्यांना परवडत नाही, मलाही परवडत नाही. त्यावर उपाय म्हणजे पक्षी थोडा लहान दिसू द्यावा आणि त्याच्याभोवतीचा खडक, निवडुंग, मावळतीचा उजेड चौकटीत येऊ द्यावा. माझ्या मते ते चित्र अधिक खरे असते, कारण पक्षी राहतो कुठे हे त्यात कळते.

आणि शिकारी पक्षी खरोखर जवळून मिळत नाहीत असेही नाही. त्यासाठी वेळ द्यावा लागतो. सासवडपासून जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यात विजेच्या तारांवर आणि खांबांवर कापशी आणि खरूची बसलेल्या असतात. त्यांना मोटारीची सवय असते, माणसाच्या आकाराची नसते. गाडी रस्त्यावरच ठेवावी, इंजिन बंद करावे, खिडकीवर भाताच्या तुसाची किंवा बियांची पिशवी टाकून त्यावर लेन्स टेकवावी आणि खाली उतरू नये. दार उघडले की पक्षी गेलाच म्हणून समजा. सूर्य पाठीशी हवा. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतो, तेव्हा वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीमागून येतील अशी जागा निवडली तर तो आपल्याच बाजूला उडतो. उडण्याच्या आधी बहुतेक वेळा तो किंचित पुढे झुकतो आणि शिटतो. जाणकारांचे बोट तेव्हाच बटणावर जाते. सकाळी उशीर करू नये, कारण माळ तापला की हवा थरथरू लागते आणि महागातली महाग लेन्ससुद्धा धूसर चित्र देते.

यात सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पक्ष्याकडे पाहत राहणे. पिसे सैल, एक पाय पोटात घेतलेला, मान फिरवून पिसे साफ करणे चालू, म्हणजे त्याला आपली फिकीर नाही. पिसे अंगाला घट्ट बसली, मान उंचावली, नजर आपल्यावरच खिळली, की आपण हद्द ओलांडली. तिथे थांबावे, नाहीतर मागे यावे. एकदा नुकतेच पोटभर खाल्लेली एक सापमार गरुडाची मादी आमच्या गाडीपासून वीसेक पावलांवरच्या दगडावर येऊन बसली, ती आपण होऊन. तिने पिसे साफ केली, चोच दगडावर घासली, पिवळ्या डोळ्यांनी गाडीकडे एकदा पाहिले आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. आम्ही निघालो तेव्हाही ती तिथेच होती. तिचा फोटो माझ्याकडे आहे, आणि तो दाखवताना मला कसलेही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

याच्या उलट प्रकारही माळावर वाढले आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे माँटेग्यूचे भोवत्या हे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. उतरतानाचा फोटो हवा म्हणून त्या गवतात गाड्या घालणारे लोक मी पाहिले आहेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला अंधार पडताना पुन्हा उठवायचे आणि रात्रीचा निवारा शोधायला लावायचे. तसेच कोंबडीचे तुकडे दगडावर मांडून गरुडाला बोलावणे. अशा पक्ष्याला माणूस आणि खाणे यांची सांगड घालायला शिकवले तर पुढे तो कोणत्या माणसाजवळ जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

संपादक महोदय, आपल्याला हे लिहायचे कारण असे की छापले जाते तेच पुढे हवेसे वाटते. आमच्या शाळांतून पुरवणीतली पक्ष्यांची चित्रे कापून फळ्यावर लावतात. नवा कॅमेरा घेतलेला तरुण तुमचे पान बघतो आणि आपल्यालाही असेच मिळाले पाहिजे असे ठरवतो. मोठ्या स्पर्धांनी हे ओळखले आहे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत जिवंत आमिष लावून काढलेले चित्र चालत नाही. 2009 साली तिथे पहिले आलेले लांडग्याचे छायाचित्र, तो लांडगा माणसाळवलेला असावा असे परीक्षकांचे मत झाल्यावर, 2010 मध्ये बाद केले गेले आणि बक्षीस काढून घेतले. चित्र सुंदर होतेच, पण ते कसे मिळवले हे त्यांना तितकेच मोलाचे वाटले.

आपल्या पुरवणीनेही तसे ठरवावे अशी माझी विनंती आहे. घरट्यावरची, अंड्यांची आणि न उडणाऱ्या पिल्लांची छायाचित्रे घेऊ नयेत; संशोधकांनी वनविभागाच्या परवानगीने काढलेली असतील तर तसे छापावे. आमिष लावलेले असेल तर चित्र परत करावे. आणि पाठवणाऱ्याकडून दोन ओळी मागवाव्यात: किती अंतरावरून, कशा स्थितीत. ज्याने रीतसर काढले आहे त्याला त्या लिहायला आनंदच वाटेल.

एक गोष्ट मात्र पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकत नाही. त्या छायाचित्राखालच्या ओळीत गावाचे नाव आहे आणि खाण कोणती तेही आहे. घुबडाभोवती आपल्याकडे अजून अंधश्रद्धा आहेत. गुप्तधन आणि जादूटोण्याच्या नावाखाली घुबडे पकडली आणि विकली जातात. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी ट्रॅफिक ही संस्था दिवाळीच्या तोंडावर याबाबत सावध करत आली आहे. अशा व्यापारात शृंगी घुबडाला त्याच्या आकारामुळे आणि डोक्यावरच्या पिसांच्या शिंगांमुळे विशेष मागणी असते. शिवाय चित्र प्रसिद्ध झाल्यापासून आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर 'लोकेशन टाका' असे निरोप फिरत आहेत, आणि या आठवड्यात त्या खाणीच्या वाटेवर अनोळखी गाड्या दिसल्याचे मेंढपाळांनी मला सांगितले. छापलेला अंक परत घेता येणार नाही. पण आपल्या संकेतस्थळावर ती ओळ अजून तशीच आहे. त्यातले गावाचे आणि खाणीचे नाव आजच काढून टाकावे, नुसते 'पुणे जिल्हा' ठेवावे. पिल्लांना उडायला अजून काही आठवडे आहेत.

आपला,
पुरंदर तालुक्यातील एक वाचक