तारुताओ बेटावरून आल्यावर

बँकॉक
फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तारुताओचं सांगायला लागले की माझी गाडी थांबत नाही आणि मधेच रेंज जाते, म्हणून हे पत्र. फोटो पाहिलेतच तुम्ही. त्यात समुद्राचा रंग आलाय, पण मला सांगायचंय ते फोटोत मावणारं नाही.

हे बेट थायलंडच्या पार दक्षिणेला, सातून प्रांतात आहे. मलेशियाचं लंकावी तिथून नजरेच्या टप्प्यात. समुद्र अंदमानचाच, आपण फक्त त्याच्या पूर्व काठाला. पाक बारा बंदरातून स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात नेऊन सोडते. १९७४ साली इथली ५१ बेटं आणि भोवतालचा समुद्र मिळून राष्ट्रीय उद्यान झालं. १,४९० चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात बहुतेक पाणीच आहे, आणि तारुताओ त्यातलं सर्वांत मोठं बेट. एवढ्या मोठ्या बेटावर एकही हॉटेल नाही. उद्यानाच्या साध्या खोल्या, तंबू आणि एक उपाहारगृह, बस्स. वीज संध्याकाळी येते आणि रात्री जाते. त्यानंतर समुद्र आणि रातकिडे एवढंच ऐकू येतं.

आई, तुला सर्वांत आवडलं असतं ते सांगते. ओहोटीला पुळणीवर गेलं की सगळी वाळू बारीक बारीक गोळ्यांनी भरलेली दिसते. नखाएवढ्या खेकड्यांचं काम ते. खेकडा बिळातून निघतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. बिळापासून सरळ पुढे जातो, परत येतो, मग शेजारची रेघ धरतो, त्यामुळे गोळ्या बिळाभोवती किरणांसारख्या पसरत जातात. मी उकिडवी बसून बघत राहिले. पाऊल जरा हललं की सगळे एकदम गडप. श्वास धरून थांबलं की आधी डोळ्यांच्या दोन काड्या वर येतात, मग बाकीचा खेकडा. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पहिल्यापासून सुरुवात.

धनेश दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांचा असा घरघराट येतो की काहीतरी यंत्र डोक्यावरून चाललंय असं वाटतं. डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली वानरं झाडावरून माणसांकडे बघत बसतात. पुळणीवरच्या माकडांपासून मात्र पिशवी सांभाळावी लागते. पान्ते खाडीमागचा तो-बू कडा मी भल्या पहाटे चढले. चढण छोटी पण खडी आहे. वरून खाली पाहिलं की सुरूच्या झाडांची रांग, खारफुटीत शिरणारा ओढा आणि पलीकडे पाण्यातून उठलेले चुनखडीचे सुळके, सगळं एकदम समोर.

बाबा, आता तुमच्यासाठी. या बेटावर १९३८ पासून कैद्यांची वसाहत होती. पूर्वेला तालो वावला साधे कैदी, दक्षिणेला तालो उदांगला राजकीय. १९३९ मध्ये आलेल्या सत्तर राजकीय कैद्यांत सो सेठपुत्र नावाचे विद्वान होते. कैदेत असताना त्यांनी इंग्रजी-थाई शब्दकोश रचला आणि पुढे थायलंडच्या कित्येक पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या. महायुद्धात मुख्य भूमीवरून धान्य आणि औषधं यायची थांबली. शेकडो माणसं उपासमारीने आणि मलेरियाने मेली. उरलेले कैदी आणि पहारेकरी मिळून चाचेगिरी करू लागले, ती १९४६ मध्ये ब्रिटिश सैन्याने मोडून काढली. दोन वर्षांनी वसाहतच बंद झाली. तालो वावला झाडीतून फळ्यांची पायवाट केलीय, तिच्यावरून त्या जागा बघता येतात. ज्या बेटाचं नाव काढलं की लोकांना धडकी भरत असे, तिथे वस्ती वाढली नाही, आणि मला वाटतं जंगल वाचायला तेही एक कारण झालं.

पण एवढ्यावर बेट वाचत नाही. याच उद्यानाच्या हद्दीत लिपे नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे उराक लावोय या समुद्रावर जगणाऱ्या लोकांची वस्ती पूर्वीपासून. आता तिथे हॉटेलांची एवढी दाटी झालीय की त्या मूळच्या लोकांना स्वतःच्या जमिनीसाठी आणि किनाऱ्याच्या वाटेसाठी भांडावं लागतंय. समुद्र तोच, उद्यान तेच, आणि तारुताओहून गेल्यावर ते बघवत नाही. मला त्याचा खरंच राग आला.

तारुताओ दरवर्षी पावसाळ्यात, साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत, पर्यटकांना बंद असतं. समुद्र तेव्हा खवळलेला असतो हे खरं, पण तेवढे महिने जंगलाला आणि किनाऱ्याला माणसाविना मिळतात. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लॅस्टिक चालत नाही, आणि २०२१ पासून प्रवाळाला घातक अशी चार रसायनं असलेलं सनस्क्रीनही. दंड एक लाख बाथपर्यंत. काहींना हे नियम जाचक वाटतात. मला वाटतं, अजून कडक असते तरी चाललं असतं.

तुम्ही दोघं याल तेव्हा डिसेंबर ते मार्चमध्येच या, समुद्र शांत असतो. बाबा, कडा राहू दे. तुमच्या गुडघ्याला तालो वावची पायवाट झेपेल, तिथपर्यंत उद्यानाची गाडी मिळते का ते मी आधी विचारून ठेवीन. आई, तू बरोबर पातळ सुती कपडे आण आणि पाण्याची स्टीलची बाटली. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलीय ना, ते आजच बघा आणि मला कळवा, म्हणजे मी खोलीचं बघते.

तुमची,
मनू