बेडगी मिळाली, संकेश्वरीचं काय?

श्टुटगार्ट
रविवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू विचारलंस, "भाचा मार्चअखेर तिकडं शिकायला येतोय, बॅगेत थोडी जागा आहे, काय पाठवू?" मी मीटिंगमध्ये होतो, कळवतो म्हणून फोन ठेवला. आता बैजवार कळवतो. मिरच्या पाठव. त्यातही संकेश्वरी, आणि गडहिंग्लजच्या बाजारातलीच. यावर तू म्हणणार, "मर्दा, एवढ्या लांबून मिरच्याच काय मागतोस, तिथं मिळत नाहीत होय?" म्हणून हे लांबलचक पत्र.

मिळतात. तिखटाचा इथं जर्मनीत अजिबात दुष्काळ नाही. कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी दुकानात बोटाएवढ्या थाई मिरच्या वाळवून ठेवलेल्या असतात, त्यातल्या दोन फोडणीत पडल्या तर डोळ्यांतून धार लागते. साध्या सुपरमार्केटात हाबानेरो मिळते, आपली लवंगी तिच्यापुढं काहीच नाही. घराबाहेर पडलेल्या मराठी माणसाला वाटतं, आपल्याला तिखट खायला मिळत नाही. पण मिरची म्हणजे नुसता जाळ असता तर मी तुला पत्र लिहायला बसलो नसतो.

आपल्याकडं चटणीत तीन मिरच्या का लागतात, हे इथं येईपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आई दरवर्षी उन्हाळ्यात बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी आणि जाळापुरती लवंगी किंवा गुंटूर असं बोलत बोलत सुपात टाकायची आणि आपण देठं खुडत बसायचो. प्रत्येकीचं काम वेगळं. बेडगी रंगाला. लवंगी घशाला. आणि संकेश्वरी या दोघींच्या मधल्या सगळ्याला, म्हणजे वास, चव आणि ते मागून हळूहळू चढणारं तिखट. पहिल्या दोघींची सोय परदेशात लागते. मधलीची लागत नाही.

बेडगीची गोष्ट आधी सांगतो, कारण ती सुखाची आहे. इथं एका श्रीलंकन तमिळ बाईंचं दुकान आहे. कढीपत्ता, सुकी मासळी, नारळ सगळं मिळतं. त्यांच्याकडं आधी नुसती काश्मिरी नावाची पूड होती. (त्या पाकिटातली मिरची काश्मिरात पिकलेली असेलच याची काही खात्री नाही, पण ते जाऊ दे.) मी दर वेळी जाऊन अख्खी मिरची, सुरकुतलेली, गडद लाल, असं हातवारे करून सांगायचो. एक दिवस त्यांनी खालच्या फळीवरून ब्याडगी असं छापलेलं पाकीट काढून समोर ठेवलं. हावेरी जिल्ह्यातली खरी बेडगी, २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. पाकीट फोडलं तर तोच गोडसर वास. त्या दिवशी बाईंनी मला सुकी मासळीही विकली, मी नको म्हणत असताना.

बेडगीचं एक बरं आहे, तिला जगात गिऱ्हाईक आहे. तिच्या सालीतल्या रंगासाठी कारखाने तिचा अर्क काढतात. तो अर्क सॉसेजपासून लिपस्टिकपर्यंत कशातही जातो. इथं एखाद्या चिप्सच्या पुड्यावर ई १६०सी असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं की समजायचं, रंग मिरचीचा आहे. तो बेडगीचाच असेल असं नाही, पण हातात पुडा आला की मी ते मुद्दाम शोधतो.

आता तुर्की दुकान. श्टुटगार्टमध्ये तुर्की लोक पुष्कळ, आणि मिरचीच्या बाबतीत ते आपल्याइतकेच हट्टी आहेत. बरणीत लाल, किंचित तेलकट, जाडसर कुटलेली मिरची असते, तिला पुल बिबेर म्हणतात. ती तुर्कस्तानातल्या मराश भागातली असेल तर चांगली समजतात. मी हौसेनं आणली, पिठल्यावर घालून बघितली. रंग झकास, चव आंबटगोड, पण तिखट नावाला. कारण असं की मिरचीचा जाळ तिच्या बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असतो. मराशवाले वाळवल्यावर तो गाभा नि बिया काढून टाकतात आणि सालीला तेल-मीठ लावतात. आपण मात्र देठ सोडून सगळंच कुटतो. आता कळलं ना, तुझी आई "बिया काढू नको, वजन कमी होतंय" म्हणून का ओरडायची? वजनाबरोबर शिराही जात होत्या.

तिथंच दुसऱ्या बरणीत काळपट जांभळी पूड दिसली. तिकडच्याच उर्फा गावची मिरची. दिवसा उन्हात पसरायची आणि रात्री झाकून ठेवायची, म्हणजे तिला घाम सुटतो आणि ती काळी पडते. वास धुराचा नाही, मनुक्यासारखा. मी ती नाकाशी नेली आणि थबकलो, कारण संकेश्वरीच्या जुन्या चटणीला शेवटी शेवटी जो मुरलेला वास येतो, त्याच्या हा वास फार जवळ होता. दुकानदाराला विचारलं, ही तुमच्या गावची का? तो हसला आणि म्हणाला, ही विकायची. मग गल्ल्याखालून काचेची बाटली काढली आणि माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवली. ती त्याच्या गावची, चुलत भाऊ आणतो, विकायला नाही. दोन्हींत फरक एवढा होता की मला वेगळं सांगावं लागलं नाही. मी त्याला आमच्याकडंही असंच आहे म्हणालो. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली. भाचा पोचला की मूठभर संकेश्वरी त्याला द्यायची आहे, तेव्हा माप थोडं सढळ धर.

हंगेरीची पूड तर इथं प्रत्येक वाण्याकडं असते. गोड असते तिला एडेलझ्यूस म्हणतात, तिखट असते तिला रोझेनशार्फ. सेगेद आणि कालोचा ही तिथली मिरचीची गावं. पूर्वी बायका बसून हातानं शिरा काढायच्या, पुढं त्यांनी बिनतिखट जातच धरली. त्याच सेगेदमध्ये सेंट-ग्यॉर्गी नावाचे शास्त्रज्ञ होते. बायकोनं रात्रीच्या जेवणाला ढोबळी मिरची वाढली, खायचा कंटाळा आला म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि तीत ढीगभर क जीवनसत्त्व सापडलं, असं ते स्वतः सांगत. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. तुझ्या शाळेतल्या पोरांना सांग, जेवणातली मिरची बाजूला काढणाऱ्यांचंही कधी कधी भलं होतं.

तर मी काय केलं, हंगेरीची गोड पूड, तमिळ बाईंची बेडगी, थाई मिरचीचा जाळ आणि उर्फाची काळी पूड असं एकत्र करून कांदा-लसूण चटणी केली. खोबरं, तीळ, धणे, दगडफूल सगळं रीतसर भाजून घातलं. मिसळीच्या कटाला असा तवंग आला की फोटो बघून तू म्हणाला असतास, जमलं. वासानं मात्र घात केला. आपल्या चटणीचा डबा उघडला की पहिल्यांदा नाक चुरचुरतं आणि मग तोंडाला पाणी सुटतं, तसं होत नाही. सगळं आहे, फक्त ते एकमेकांशी बोलत नाही. चार पाहुणे पंक्तीला शेजारी बसलेत पण कुणाची ओळखच नाही, तसं.

मग मी विचार करत बसलो की बेडगी इथपर्यंत येते तर संकेश्वरी का येत नाही. कारणं काही फार गूढ नाहीत. जवारी, म्हणजे अस्सल गावठी, संकेश्वरी पिकते किती, तर हुक्केरी, गडहिंग्लज, आजरा एवढ्याच पट्ट्यात, तीही पावसाच्या पाण्यावर. त्यात संकरित मिरचीला उतारा जास्त मिळतो म्हणून शेतकरी तिकडं वळले. जी येते ती कोल्हापूर-बेळगावातली घरं, खानावळी नि चटणीवालेच उचलतात आणि दर बेडगीच्या कितीतरी वर. परदेशात पाठवायला उरतंय काय? दुसरी गोष्ट कागदांची. २००३ साली भारतातून आलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा, मेण नि बूट-पॉलिशात घालायचा रंग सापडला आणि युरोपात हलकल्लोळ झाला, २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवले. तेव्हापासून मिरची म्हटलं की इथं भिंग लावून बघतात. बुरशीच्या विषाला, म्हणजे अफ्लाटॉक्सिनला, एका किलोत १० मायक्रोग्रॅमच्या वर परवानगी नाही. कीटकनाशकं तपासतात ती वेगळीच. कंटेनरभर माल असेल तर हा खर्च परवडतो. आपल्याकडच्या व्यापाऱ्याची दहा पोती कोण तपासून पाठवणार? चूक कुणाची म्हणून सांगू, भेसळ करणाऱ्यांनी प्रामाणिक माणसाचीही वाट अडवली.

म्हणून आता नीट ऐक, काय हवंय.

पूड नको. अख्खी मिरची, देठासकट. देठ काढलं की तिथून ओल शिरते आणि वासही उडतो, देठं मी इथं खुडीन. कडक वाळलेली बघून घे, हातात धरून हलवली की बिया वाजल्या पाहिजेत. मऊ लागली तर कितीही लाल असली तरी सोड, प्रवासात बुरशी धरेल. पांढरे डाग पडलेली फटकी एकही नको. व्यापारी "हीच जवारी" म्हणून जरा जाड, चकचकीत मिरची पुढं करील, तिच्याकडं बघू नको. आपली लांब, बारीक आणि पातळ सालीची असते, दिसायला काही विशेष नसते. तुला पारख नसली तर काकूंना बरोबर ने. त्या बाजारात शिरल्या की दर आपोआप खाली येतो.

पोस्टानं पाठवायचा विचार करू नको. भेट म्हणून ४५ युरोपर्यंतच्या पार्सलला जकात लागत नाही हे खरं, पण ते कुठल्या गोदामात किती दिवस पडेल सांगता येत नाही. भाच्याच्या चेक-इन बॅगेतच घाल, दुहेरी पिशवीत, कपड्यांपासून लांब. आणि त्याला बजाव, कुणी विचारलं तर वाळलेला मसाला म्हणून सरळ सांगायचं, लपवायचं नाही. वहिनी प्रेमानं तूप किंवा पेढे देतील, ते मात्र नको. दूध आणि मांसाचा कुठलाही पदार्थ बाहेरून युरोपात आणता येत नाही, काढून घेतात. हिरव्या मिरच्याही नकोत, ताज्या फळभाजीला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो.

बी पाठवू का, असंही तू विचारशील. नको, लावायच्या बियाण्यालाही तोच दाखला लागतो. शिवाय इथं मिरची लावणं म्हणजे तान्हं पोर सांभाळणं. फेब्रुवारीत खिडकीत रोप करायचं, मेच्या मध्यापर्यंत बाहेर काढायचं नाही, कारण तोवर थंडीचा फटका बसू शकतो. इथले लोक १५ मेला थंडीची शेवटची पाळी मानतात आणि मगच वाफ्यात रोपं लावतात. त्यातूनही मिरची धरलीच तर लाल व्हायच्या वेळेला सप्टेंबरचा पाऊस. वाळवायची कुठं? नंदुरबारला मैलोन् मैल लाल पथारी पसरलेली असते, माझ्याकडं ओव्हन आहे.

कुटायचं कसं, ही वेगळी पंचाईत. डंक नाही, मिक्सर आहे, आणि रविवारी मिक्सर फार वेळ चालवला तर खालच्या आजी दार वाजवतात, कारण रविवार शांततेचा. मिरच्या भाजायच्या तर छताला धुराचा भोंगा बसवलाय, कायद्यानं प्रत्येक घरात लागतो. तेव्हा खिडक्या उघड्या टाकून, शनिवारी सकाळी, थोड्या थोड्या तेलावर परतायच्या असं ठरवलंय. ठसका शेजाऱ्यांपर्यंत जाणारच. वरच्या मजल्यावर एक सिरियन कुटुंब राहतं, त्यांना अलेप्पोच्या मिरचीची सवय आहे, ते काही बोलायचे नाहीत.

एक काम अजून. आईचं माप मला तोंडी आठवतं ते असं, बेडगी दोन भाग, संकेश्वरी एक, लवंगी पावच्या आत. पण काकूंच्या चटणीत संकेश्वरी जास्त असायची असं मला राहून राहून वाटतं. त्यांना विचारून किलोच्या हिशेबात लिहून पाठव, अंदाजानं नको. आणि बरणीत हिंगाचे खडे तळाशी घालायचे की वरून, तेही विचार.

मिरचीचे पैसे मी आजच तुझ्या खात्यावर टाकतो, कुरकुर करू नको. धाकटीची दहावी मार्चमध्ये ना? गणिताचा पेपर झाला की मला फोन करायला सांग, तोवर मी तिला त्रास देत नाही. काकूंना नमस्कार, वहिनींना पेढ्यांबद्दल आधीच माफी.

तुझा,
पक्या